मदत हवी आहे: गावातल्या लेकरांचं वजन वाढायलंय, सगळ्यांनी मिळून काय करता येईल? (केज तालुका)

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होईल, पण पूर्ण वाचून मगच सांगा ही विनंती.

मी केज तालुक्यातल्या एका गावात राहते, वस्ती तीनेक हजार, जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे आणि आमच्या बचत गटाचा हिशोब बघते. दोन वर्षांपासून एक गोष्ट डोक्यातून जाईना. आमच्या शाळेत आता वर्गागणिक चार-पाच लेकरं जाड दिसायलेत. पोट सुटलेलं, जिना चढलं की धाप, मानेवर काळपट पट्टा. आम्ही शाळेत होतो तेव्हा अख्ख्या शाळेत एखादं असं लेकरू असायचं.

आणि त्याच बाकावर ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं बसतेत. दसरा-दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन जातेत, लेकरं आजीजवळ राहतेत आणि मार्चपर्यंत वाळून काडी होतेत. त्यामुळं मीटिंगमधी वजनाचा विषय काढला की लगेच कुणीतरी म्हणतंय, ताई इथं लेकरांच्या अंगावर मांस नाही आन तुम्ही बारीक करायचं काय घेऊन बसलात. त्यांचंही खोटं नाही. म्हणून मला असं काहीतरी पाहिजे जे दोन्ही लेकरांना चालंल, एकाचं भलं करताना दुसऱ्याच्या ताटातलं जाऊ नये.

आता माझी चूक सांगते. मागच्या जुलैत मी हौसेनं वजनकाटा आणला आणि सगळ्या शाळेला रांगेत उभं केलं. एक जण मोठ्यानं आकडा सांगायचा, मी लिहायची. सहावीतल्या एका पोरीचा आकडा सगळ्यांनी ऐकला आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला त्या आकड्यानंच हाका मारायला लागली. आठ दिवस ती शाळेत आली नाही. मी घरी गेले तर तिची आई म्हणाली, ती दुपारचं जेवतच नाही, विचारलं तर रडती. मी त्या माय-लेकींची माफी मागितली, पोरगी आता शाळेत येते पण खेळाच्या तासाला वर्गातच बसून राहते. त्या दिवसापासून मला हे पक्कं कळलंय की काहीही करायचं ते सगळ्या लेकरांचं मिळून करायचं, जाड लेकरं वेगळी काढून नाही. पण ते करायचं कसं, तिथंच अडलंय.

लेकरं दिवसभर काय खातेत हे मी महिनाभर नीट बघितलं. सकाळी चहा आणि त्यात बुडवून खारी नाहीतर टोस्ट, तेही चार-पाच. शाळेत येताना आजोबाकडून दहा रुपये, त्याचे दोन पुडे, एक जाताना एक सुट्टीत. मग पोट भरलेलं, खिचडी अर्धी टाकून देतेत. घरी गेलं की परत चहा, परत पुडा, आणि मोबाईल घेऊन आडवं. भाकरी रात्रीच काय ती, आणि तीही बऱ्याच घरातून गेली, पोरं भाकरी खाईनात म्हणून पोळ्या, पोळीसोबत भाजी नको म्हणून साखर-तूप. ज्वारी पिकवणारं गाव आहे हो आमचं. हुरड्याच्या दिवसात शहरातून लोक पैसे देऊन खायला येतेत आणि आमच्या पोरांच्या हातात पुडा.

पळायला जागा म्हणावी तर ग्राउंडवर बांधकामाची खडी पडलेली, उरलेल्यात मोठी पोरं क्रिकेट खेळतेत, आणि पाचवीच्या पुढच्या पोरींना संध्याकाळी कुणी बाहेर सोडत नाही.

शाळेसमोरचं दुकान आमच्याच भावकीतल्या एका वहिनीचं आहे. नवरा गेला, दोन लेकरं, त्या पुड्यांवरच घर चालतं. तिला बंद कर म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

बायकांचंही सांगते. शेतात मजुरीला जाणाऱ्यांचा प्रश्न नाही, त्यांना उलट रक्त कमी. पण ज्या घरी असतेत, दुकानावर, शिलाई मशीनवर, त्यांची गुडघी आणि साखर दोन्ही सुरू झालंय चाळिशीच्या आत. सकाळी फिरायला जा म्हणलं तर म्हणतेत लोक काय म्हणतील, नुसतंच हात हलवत कुठं निघाली ही.

तर मला सांगा, पालकांशी कसं बोलावं? आमच्याकडं जाड लेकरू म्हणजे खात्यापित्या घरचं, त्याचं कौतुकच असतं. दुकानाचं काय करावं? आणि परत कधी वजन-उंची घ्यायचीच झाली तर कुणाला न दुखवता कशी घ्यावी? कुणी आपल्या गावात असं काही केलं असंल तर काय जमलं आणि काय फसलं दोन्ही सांगा.

—

रेणाकाठ

ताई, दुकानाचं आधी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे, शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, तेलाचे पदार्थ शाळेच्या लेकरांना विकायचे नाहीत. पण तुम्ही त्या वहिनींवर नियम घेऊन जाऊ नका. आमच्या गावात तसं केलं तर दुकान हललं ५१ मीटरवर आणि बोलणं बंद झालं ते वेगळंच. नंतर गटाच्या बायकांनी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, उकडलेल्या शेंगा पाच-पाच रुपयाच्या कागदी पुड्यात बांधून दिल्या, आणि दुकानदाराला एका पुड्यामागं आधीपेक्षा थोडं जास्त सुटंल असा भाव ठेवला. सीझनला पेरू, बोरं. सगळं बदललं नाही, चिप्स अजून विकतेत, पण समोरच्या माळेवर आता फुटाणे लटकतेत आणि चिप्स आत गेलेत. लेकरू जे दिसंल ते मागतं.

—

गोदाकाठचा मास्तर

ताई मी परभणी जिल्ह्यात शाळेवर आहे. ग्राउंड नाही म्हणून थांबू नका. स्कॉटलंडमधी स्टर्लिंग शहरातल्या एका प्राथमिक शाळेत २०१२ ला हेडमास्तर बाईंनी सुरू केलं, रोज १५ मिनिटं सगळ्या शाळेनं बाहेर येऊन पळायचं, ज्याला जमंल तसं. कपडे बदलायचे नाहीत, शर्यत नाही, नंबर नाही, दम लागला की चालायचं आणि परत पळायचं. आता ते कितीतरी देशात चालतं. मी वाचलं आणि दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडं सुरू केलं, शाळेच्या बिल्डिंगभोवतीच फेऱ्या, चपला घालून. शर्यत नसल्यामुळं बारकं आणि जाड दोन्ही पळतंय, मागं राहिलेलं कोण हे कळतच नाही कारण सगळे गोलच फिरतेत. मी स्वतः सोबत पळतो, नाहीतर पोरं तीन दिवसात कंटाळतेत. तुमची ती सहावीतली पोरगी अशात येईल असं मला वाटतं, पण तिला आग्रह करू नका, आपोआप येऊ द्या.

फसलं ते पण सांगतो. वाढदिवसाला चॉकलेट वाटायचं बंद केलं आणि सांगितलं फळं आणा, तर दोन गरीब घरच्या लेकरांनी वाढदिवसाच्या दिवशी शाळाच बुडवली. केळं पण परवडलं पाहिजे ना. आता ज्याचा वाढदिवस त्यानं सगळ्यांना एक खेळ खेळवायचा, बस्स.

—

पीएसएमवाली

मी सरकारी मेडिकल कॉलेजात सामाजिक आरोग्याच्या (पीएसएम) विभागात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुम्ही जे म्हणालात की दोन्ही लेकरं एकाच बाकावर, ते दोन वेगळे आजार समजू नका. पुण्याला केईएम दवाखान्यातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या लोकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची लेकरं यांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतात तेव्हा वजनानं कमी पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे आज जे वाळकं आहे त्याला पोटात कमी पडलंय आणि बाहेर पुडे मिळाले की मोठेपणी साखरेचा धोका त्यालाही आहे. मीटिंगमधी हेच सांगा: पुड्यानं जाड लेकराची चरबी वाढते आणि बारक्या लेकराची भूक मरते. दोघांचं नुकसान एकाच पुड्यानं. वजन हा शब्दच काढू नका, ताकद म्हणा, दम म्हणा, रक्त म्हणा.

दुसरं, गावानं मिळून केलं तर खरंच फरक पडतो का असं कुणी विचारलं तर ऑस्ट्रेलियातल्या कोलॅक गावाचं सांगा. २००३ ते २००६ तिथं शाळा, दुकानं, नगरपालिका सगळ्यांनी एकत्र येऊन साखर घातलेली पेयं कमी करणं, शाळेनंतर खेळ, पायी शाळेत येणं असं बरंच काही केलं. शेजारच्या भागातल्या लेकरांपेक्षा तिथल्या लेकरांचं वजन सरासरी जवळपास एक किलोनं कमी वाढलं, कंबर तीन सेंटिमीटरनं. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे बारकी लेकरं त्यामुळं अजून बारीक झाली असं झालं नाही. एक किलो ऐकायला थोडं वाटतं, पण ते अख्ख्या गावाचं आहे, एका लेकराचं नाही.

मोजायचं कसं? पडद्याआड, एका वेळी एक लेकरू, काट्याचं तोंड मोठ्या माणसाकडं, आकडा बोलायचा नाही, फक्त लिहायचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतंच, त्यांना आधीच सांगून ठेवा की असंच करा. आणि मोठ्यांचा तक्ता लेकरांना लावू नका. मोठ्यांसाठी आपल्याकडं बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २३ च्या वर गेला की जास्त धरतात, लेकरांचं वय आणि मुलगा-मुलगी बघून वेगळ्या तक्त्यावर ठरतं. मानेवर काळा पट्टा आहे म्हणालात, त्या लेकरांना मात्र आईबापासोबत गुपचूप दवाखान्यात न्या, तो शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याचा इशारा असू शकतो.

बायकांचं सोपं आहे. तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतात, त्यात कंबरेचं माप असतंच, बाईची ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की त्याचे गुण धरतात. गटाच्या बैठकीत आशाताईंना बोलवा आणि ज्यांची इच्छा आहे त्यांचीच टेप लावा. खर्चाला ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीचा निधी असतो, वर्षाला दहा हजारापर्यंत, त्यातून काय करता येईल ते त्या समितीत विचारा. तुम्हाला अंबाजोगाईचं कॉलेज जवळ आहे, तिथल्या पीएसएम विभागाला समितीच्या लेटरहेडवर पत्र द्या, विद्यार्थ्यांना गावात काम करायचंच असतं.

आणि हे काही आपल्याला नवीन नाही. कुपोषणासाठी प्रत्येक लेकरू मोजायचं काम २००२ ला मराठवाड्यातूनच सुरू झालं होतं, त्यातूनच २००५ ला राजमाता जिजाऊ मिशन उभं राहिलं. तीच अंगणवाडी, त्याच ताई आहेत.

—

लातूरकर७

दीक्षित डाएट सुरू करा गावात. दोन वेळा जेवायचं, ५५ मिनिटात उरकायचं, मधी काही नाही. माझं ११ किलो उतरलं.

—

पीएसएमवाली

दादा तुमचं उतरलं त्याचा आनंद आहे, पण ते मोठ्या माणसांचं. वाढीच्या वयातल्या लेकराला दोनच वेळा जेवायला देऊ नका, आणि त्या पोरीनं आधीच जेवण सोडलं होतं हे वर वाचा. गोळ्या सुरू असलेल्या साखरेच्या पेशंटनं पण डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये.

—

टाळकरी

आमच्याकडं बायकांचा फिरायचा प्रश्न काकड्यामुळं सुटला. पहाटे काकड्याला बायका जायच्याच, मंदिर गावाच्या या टोकाला, मग ठरवलं की काकडा झाला की टाळ वाजवत वेशीपर्यंत जाऊन यायचं, दोन अडीच किलोमीटर. कार्तिक महिना संपला तरी चालूच राहिलं. देवाचं नाव घेत निघालेल्या बाईला कुणी काही म्हणत नाही. आणि सप्ताहाच्या पंगतीचं महाराजांना आधीच सांगा. आमच्या महाराजांनी कीर्तनात एकदा सांगितलं की बुंदीऐवजी भाकरी-पिठलं-ठेचा ठेवा, गावानं ठेवलं. सरपंचानं सांगितलं असतं तर भांडणं झाली असती.

—

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचलं आणि आमच्या मुख्याध्यापक सरांना पण वाचून दाखवलं.

रविवारी वहिनीकडं गेले होते, नियमाबद्दल एक शब्द काढला नाही. फुटाण्याचं सांगितलं तर तीच म्हणाली, आधी वीस पुडे बांधून द्या, खपले तर बघू. तिच्याच बारक्या पोराचे दात किडलेत, तिलाही ते कळतं. गटातल्या तिघींनी पुडे बांधायचं घेतलंय.

तेलाचं आम्ही गटात ठरवलंय. फेब्रुवारी २०२५ च्या मन की बातमधी पंतप्रधान म्हणाले होते तेल १० टक्के कमी करा, तर पाच लिटरचा कॅन आणला की पहिल्याच दिवशी अर्धा लिटर बाजूला काढून ठेवायचा आणि पुढच्या महिन्याच्या कॅनात धरायचा. पैसे पण वाचतेत, म्हणून सासवांनी पण हो म्हणलं.

खडी उचलायचं ग्रामसेवकांनी कबूल केलंय पण तारीख दिली नाही, म्हणून आम्ही सोमवारपासून बिल्डिंगभोवतीच सुरू करतोय, सर आणि मी दोघं सोबत पळणार. गोदाकाठचे मास्तर, एवढं सांगा: उन्हाळ्यात शाळा सकाळची होते आणि आमच्याकडं मार्चमधीच नऊ वाजता चटके बसायला लागतेत, तर तुम्ही परिपाठाच्या आधी पळवता का नंतर? आणि बरीच लेकरं उपाशीच येतेत, त्यांना आधी काही द्यावं का?