मदत हवी आहे: बस्त्यातल्या साड्या दुकानदार परत घेईना, पैसे कसे काढावेत?

पूर्णा_जंक्शन
बहिणीचं लग्न तोंडावर आलंय. बस्ता नांदेडला एका मोठ्या दुकानात बांधला. त्यातल्या दोन साड्या परत करायच्यात. मालक म्हणायलेत, पैसे मिळणार नाहीत, त्या रकमेचं दुसरं काही घ्या. आम्हाला दुसरं काही नको, पैसे पाहिजेत. गल्ल्यामागं 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी आहे, तीच दाखवायलेत. असं चालतं का? कायदा माहीत असणाऱ्यांनी लवकर सांगा.

काटकसर
परत काऊन करायच्यात ते लिहिलंच नाही की भाऊ. फाटक्या निघाल्या की पसंत पडल्या नाहीत? सगळं त्याच्यावरच आहे.

मोंढा_रोड
बस्ता कधीही उधारीवर बांधावा. आम्ही थोडे पैसे मागं ठेवतो आणि लग्न उरकल्यावर देतो. मग दुकानदार आपल्या मागं फिरतो. रोख मोजले की तुम्ही त्याच्या मागं फिरता.

पूर्णा_जंक्शन
ते आता सांगून काय उपयोग? पैसे फोनपेवर दिलेत, सगळे.

गोदाकाठची_माई
शालू पैठणी होता का? नांदेडला पैठणी म्हणून देतात आणि घरी आल्यावर कळतं की यंत्रावरची आहे. हातमागाची असेल तर पदराची नक्षी मागून-पुढून सारखीच दिसते. मागं धागे लोंबत असले तर समजून जा. रेशीम आहे म्हणत असतील तर सिल्क मार्कचं लेबल बघा.

पूर्णा_जंक्शन
माई, पैठणी नाही. साधा बनारसी शालू आहे.

ऑनलाइन_वाला
ॲपवर घेतल्या असत्या तर घरी येऊन घेऊन गेले असते, पैसे परत खात्यात. दुकानात कशाला जाता या काळात?

मोंढा_रोड
बस्ता ॲपवर बांधा मग. मामा-मामी, आत्या, चुलत्या घेऊन मोबाइलभोवती बसा.

काटकसर
माझा प्रश्न तिथंच आहे. कारण काय?

पूर्णा_जंक्शन
एक साडी विहीणबाईंसाठी घेतली होती, त्यांना रंग पसंत नाही. दुसरा नवरीचा शालू. घरी घडी मोडली तर पदराच्या आत दोन जागी वीण सुटलेली. बोट जातंय. दुकानदार म्हणायला, फॉल-पिको झालेला माल आम्ही हात लावत नसतो.

बिनकोटाचा_वकील
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला पाहिजे होतं. दोन साड्या म्हणजे दोन वेगळी प्रकरणं आहेत, तुम्ही एकाच गाठोड्यात बांधलीत.

रंग पसंत नाही ही दुकानाची चूक नाही. त्यावर पैसे परत द्या असं कायदा सांगत नाही. बदलून देतोय तर तो त्याचा व्यवहार, घ्या आणि गप बसा.

शालूचं तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७): सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा. बिलावर जी मुदत लिहिली असेल त्या मुदतीत, आणि काही लिहिलंच नसेल तर तीस दिवसांत. भिंतीवरच्या पाटीनं हे पुसलं जात नाही. आता दोन गोष्टी सांगा. बिलावर मुदत काय आहे? आणि फॉल कुणी लावला?

पूर्णा_जंक्शन
फॉल दुकानातच लावून दिला, शालूवर फुकट असतो म्हणाले. बिल नाही. कच्ची चिठ्ठी आहे, नुसते आकडे.

शिवणकाम_सेलू
मी फॉल-पिको करते म्हणून सांगते. फॉल खालच्या काठाला लागतो, पण पिको पदराला होतो आणि त्यासाठी पदर पूर्ण उलगडावाच लागतो. दोन जागी बोट जाईल एवढी वीण सुटलेली असेल तर कारागिराला दिसलीच असणार. आम्ही अशी साडी आली की आधी गिऱ्हाइकाला दाखवतो आणि मगच सुई लावतो. त्यानं दाखवली नाही.

बिनकोटाचा_वकील
ताईंनी केस अर्धी जिंकून दिली. स्वतःच्या माणसाकडून फॉल लावायचा आणि त्याच फॉलवर बोट ठेवून माल नाकारायचा, हे टिकत नाही.

चिठ्ठीवर मुदत छापलेली नाही म्हणजे तीस दिवस धरा. उलट पक्कं बिल असतं आणि त्यावर सात दिवस लिहिलेले असते तर त्यानं तेच धरलं असतं. बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमात अनुचित प्रथा आहे. चिठ्ठी आणि फोनपेची नोंद दोन्ही जपून ठेवा. दोषाचे फोटो आजच काढा. व्हॉट्सॲपवर मालकाला लेखी मागा, तोंडी नको.

मोंढा_रोड
ग्राहक मंचात गेलं की तारखा पडत राहतात. आमच्या शेजाऱ्याचा कूलर अजून तसाच पडून आहे, मोटार जळालेली. बहिणीचं लग्न होऊन तिला लेकरं होतील.

बिनकोटाचा_वकील
मंच नाही, आता जिल्हा आयोग. तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे. तारखा पडतात हे मात्र खरं, त्यावर भांडत नाही. म्हणून आधी १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ते आदेश काढत नाहीत, दुकानदाराशी बोलून मिटवून बघतात.

काटकसर
आयोगात जायचं झालं तर नांदेडलाच जावं लागेल ना? दुकान तिथलं.

बिनकोटाचा_वकील
जुन्या कायद्यात तसंच होतं. आता तक्रारदार राहतो तिथंही करता येते. पूर्णेचा माणूस परभणीला करू शकतो. मालासाठी दिलेले पैसे पाच लाखांच्या आत असले तर फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची.

हिंगोलीचा_पाहुणा
कूलर कोणत्या कंपनीचा होता मोंढा दादा? मी परवा घेणार आहे.

मोंढा_रोड
नाव लिहीत नाही. लोकल बनवलेला घ्या, पत्र्याचा. मोटार गावात बदलून मिळते.

पूर्णा_जंक्शन
मालकाला फोटो आणि मेसेज टाकला, १९१५ चं नावही लिहिलं. फोन आला. शालू बदलून देतो म्हणाले, तसाच दुसरा पीस आहे. विहीणबाईंच्या साडीचे पैसे नाही, बदलीच. पक्कं बिल मागितलं तर म्हणायले, जीएसटी वरून पडेल.

काटकसर
शालूवर एमआरपीचं लेबल आहे का बघा. त्यात सगळे कर धरलेलेच असतात, वरून काही घेता येत नाही.

बिनकोटाचा_वकील
बरोबर. आणि नवा पीस दुकानातच पूर्ण उलगडून, पदर उजेडात धरून बघा. फॉल लावायच्या आधी.

गोदाकाठची_माई
विहीणबाईंना साडी बदलताना सोबत न्या. नाहीतर तो रंगही पसंत पडायचा नाही.

पूर्णा_जंक्शन
माई, त्यांना नेलं तर दुकान बंद व्हायच्या आत परत येणं होत नाही. पण नेतो.