दारावरचे लोकरीचे गोल तोरण

प्रश्न: फोंड्यातील घराच्या दारासाठी मी थर्माकोलच्या कड्यावर लोकर गुंडाळून, त्यावर कापडी पाने व प्लास्टिकचे नेचे बसवून गोल तोरण करीत आहे, मात्र गरम गोंदाने थर्माकोल वितळतो आणि मागच्या पावसाळ्यात सुती दोऱ्याच्या तोरणाला बुरशी धरली होती. काय बदलावे?

उत्तर: ताई, सुताऐवजी अ‍ॅक्रिलिक लोकर घ्यावी, कारण ती दमट हवेतील ओल फारच कमी शोषते. आधी संपूर्ण कडे लोकरीने घट्ट झाकावे आणि पाने गोंदाने न चिकटवता, त्यांचे तारेचे देठ कड्याभोवती पिळून बसवावेत, म्हणजे थर्माकोलला उष्णता लागणारच नाही. लोकरीचा गुंडा कड्यातून आरपार जात नाही, म्हणून ती पुठ्ठ्याच्या चपट्या तुकड्यावर गुंडाळून घ्यावी.

उत्तर: मी तर थर्माकोल सोडूनच दिला. काथ्याच्या जाड दोरीचे दोन वेढे बांधले की मजबूत कडे तयार होते, आणि काथ्या आपल्याकडे कुठल्याही बाजारात मिळतो. पाने मात्र खालच्या एका बाजूलाच दाट लावावीत; सगळीकडे लावल्यास लोकर दिसतच नाही.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. चवथीपूर्वी काथ्यावर करून पाहते.