शब्दचर्चा : चरित्रलेखातला ‘तटस्थ’ म्हणजे नेमका कसा?

समासरेषा :
मराठी विकिपीडियावरच्या चरित्रलेखांच्या चर्चापानांवर ‘मजकूर तटस्थ करावा’ असा शेरा नेहमी दिसतो. त्याचा अर्थ मात्र जो तो आपापल्या परीने लावतो. कुणी दिसेल ते विशेषण छाटतो. कुणी कौतुकाच्या प्रत्येक वाक्यामागे टीकेचे एक वाक्य जोडतो आणि हिशेब चुकता झाला असे समजतो. विज्ञानलेखकांच्या बाबतीत हे जास्त अडते, कारण तिथे साहित्य आणि विज्ञान या दोन्हींबद्दलची विधाने एकाच परिच्छेदात येतात. जयंत नारळीकर यांच्यावरच्या लेखासाठी, फक्त नमुन्यादाखल, हे रचलेले वाक्य घेऊ :

‘पद्मविभूषण डॉ. जयंत नारळीकर हे मराठी विज्ञानकथेचे जनक व थोर खगोलशास्त्रज्ञ असून त्यांनी महास्फोटाचा सिद्धांत चुकीचा ठरवला, ज्योतिष खोटे असल्याचे सिद्ध केले आणि ओघवत्या लेखणीने विज्ञान घराघरांत पोहोचवले.’

तटस्थ, समतोल, वस्तुनिष्ठ, निःपक्षपाती यांपैकी कोणता शब्द धरून हे वाक्य दुरुस्त करायचे?

टीपकागद :
‘तटस्थ’ म्हणजे काठावर उभा असलेला. रोजच्या मराठीत सभासद ठरावावर तटस्थ राहिला याचा अर्थ त्याने मतच दिले नाही. हा अर्थ डोक्यात असला की संपादक वादाच्या विषयावर लिहायचेच टाळतो आणि लेखात जन्म, शिक्षण, पुरस्कार एवढेच उरते. ते अपुरे असते, तटस्थ नव्हे. ‘समतोल’ने वेगळीच अडचण होते. शब्दातच तराजू असल्यामुळे दोन्ही पारडी सारखी हवीत असे वाटते, मग एका वर्तमानपत्रातल्या वाचकपत्राला शोधनिबंधाइतकी जागा मिळते. ‘वस्तुनिष्ठ’ मोजमापाला शोभतो, पण साहित्यिक मूल्यमापनाला तो पुरत नाही. एखादी कथा चांगली की वाईट हे वस्तुनिष्ठपणे सांगता येत नाही, कोणत्या समीक्षकाने काय म्हटले ते सांगता येते.

माझे मत ‘निःपक्षपाती’ला. पक्षपात न करणारा माणूस सगळ्यांचे ऐकतो आणि पुराव्याच्या वजनाप्रमाणे जागा देतो. कुणाला दहा ओळी, कुणाला एक, कुणाला काहीच नाही. विश्वकोशात अपेक्षित आहे ते हेच. ‘तटस्थ’ रूढ झाला आहे, तो हद्दपार करा असे म्हणत नाही; वापरताना हा अर्थ मनात धरावा.

खगोलवाचक :
वजनाचा मुद्दा महास्फोटाच्या उदाहरणावर तपासू, कारण नमुन्याच्या वाक्यातली सगळ्यात मोठी चूक तिथे आहे. महास्फोट सिद्धांत म्हणतो की विश्व एका अतिउष्ण, अतिदाट अवस्थेतून प्रसरण पावत आले; स्थिर स्थिती सिद्धांत म्हणतो की विश्वाला आरंभ नाही, ते कायम सारखेच दिसते. स्थिर स्थिती सिद्धांत फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडला. नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी होते. १९६४ मध्ये या दोघांनी गुरुत्वाकर्षणाचा स्वतःचा सिद्धांत मांडला. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी विश्वातल्या सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाची (सगळ्या दिशांनी येणाऱ्या, महास्फोटाचा अवशेष मानल्या जाणाऱ्या मंद प्रारणाची) नोंद प्रसिद्ध केली आणि बहुतेक विश्वरचनाशास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. पुढे १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी स्थिर स्थितीचे सुधारित रूप मांडले.

आता क्रियापदे बघा. ‘चुकीचा ठरवला’ हे साफ खोटे, महास्फोट आजही बहुमान्य आहे. दुसऱ्या टोकाचे ‘कालबाह्य सिद्धांताला चिकटून राहिले’ हेही चालणार नाही, कारण ‘चिकटून’ या शब्दात हट्टाचा आरोप आहे आणि तो संपादकाने स्वतःच्या तोंडून केलेला आहे. मी असे लिहीन :

‘महास्फोट सिद्धांताला पर्याय म्हणून नारळीकर यांनी हॉइल यांच्यासह स्थिर स्थिती सिद्धांतावर काम केले. १९९३ मध्ये हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी त्याचे सुधारित रूप मांडले. बहुतेक विश्वरचनाशास्त्रज्ञ महास्फोट सिद्धांत स्वीकारतात.’

शेवटचे वाक्य गाळले तर वाचकाला वाटेल की दोन्ही सिद्धांत आज सारखेच मानले जातात. ते वाक्य ‘मात्र’ किंवा ‘परंतु’ने सुरू करू नये. ‘मात्र’ आला की आधीचे सगळे खोडून काढल्यासारखे होते. बहुमान्यतेला संदर्भ हॉइल-नारळीकरांच्या निबंधाचा देऊ नका, त्या विषयाच्या आढावा घेणाऱ्या स्वतंत्र ग्रंथाचा द्या.

उकार :
क्रियापदांचा विषय निघालाच आहे तर त्यांची पट्टी मांडून ठेवू. ‘म्हटले’, ‘लिहिले’, ‘सांगितले’, ‘मांडले’ यांत संपादकाचे मत येत नाही. ‘दावा केला’ म्हटले की वाचकाच्या मनात शंका येते. ‘कबूल केले’ म्हटले की आधी काही लपवले होते असे वाटते. ‘स्पष्ट केले’, ‘लक्षात आणून दिले’, ‘दाखवून दिले’ ही निरुपद्रवी वाटतात, पण बोलणारा बरोबरच आहे हे त्यांत गृहीत असते. ‘प्रतिपादन केले’ हे मूळचे बिनरंगी, फक्त सभेच्या वृत्तांतातले वाटते.

‘सिद्ध केले’साठी वेगळी कसोटी हवी. ज्योतिषाचे उदाहरण घ्या. नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्या चाचणीचा निबंध २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या मुलांच्या २०० पत्रिका होत्या. ५१ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली, अचूकता सरासरी ४६ टक्के. नाणे उडवून ५० टक्के बरोबर येतात. लेखात हे आकडे द्यावेत. ‘खोटे असल्याचे सिद्ध केले’ ऐवजी ‘या चाचणीत ज्योतिषांची अचूकता योगायोगाने अपेक्षित प्रमाणाहून जास्त आढळली नाही’ असे लिहिले की वाक्य निबंधाच्या हद्दीत राहते आणि जोरही कमी होत नाही. उलट हेच वाक्य पाडणे कठीण.

शिवाय शब्द ‘फलज्योतिष’ हवा. ज्योतिष या शब्दात जुन्या ग्रंथांपासून ग्रहगणितही येते आणि ते नारळीकरांनी तपासायला घेतलेच नव्हते. नुसते ‘ज्योतिष’ लिहिले की चर्चापानावर ‘भास्कराचार्यही खोटे का?’ हा वाद ठरलेला.

टीपकागद :
उकार, पूर्ण सहमत. याच जातीचा आणखी एक सापळा म्हणजे नारळीकर यांचा सहभाग असलेला फुग्यांचा प्रयोग. हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली आणि २००५ च्या नमुन्यांत जिवाणूंच्या ३ नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉइल यांचे नाव दिले गेले. ‘परग्रहावरील जीव शोधून काढले’ असे मथळे होतात. २००९ च्या इस्रोच्या निवेदनातच म्हटले होते की या जिवाणूंचा उगम पृथ्वीबाहेरचा आहे हे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. मथळा हा संदर्भ नव्हे, बातमीतला मजकूर वाचून मगच तळटीप द्यावी.

पुरवणी :
साहित्याच्या बाजूने दोन शब्द. ‘जनक’ काढाच. विसाव्या शतकाच्या आरंभी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या जात होत्या, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मुलांपर्यंत आणला होता. नारळीकरांची पहिली कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवलेली होती. ही माहितीच ‘जनक’पेक्षा जास्त बोलते : नाव झाकूनही कथेला बक्षीस मिळाले. ‘ओघवती लेखणी’, ‘घराघरांत पोहोचवले’ यांना मोजमाप नाही. त्यांच्या जागी पुस्तकांची नावे, वर्षे, भाषांतरे आणि समीक्षकाचे नाव घेऊन त्याचे मत द्यावे.

‘विज्ञानलेखक’ आणि ‘विज्ञानकथाकार’ हे पर्यायी शब्द नाहीत. पहिला विज्ञान समजावून सांगतो, दुसरा विज्ञानाचा आधार घेऊन गोष्ट रचतो. नारळीकर दोन्ही होते, म्हणून दोन्ही लिहावेत. ‘वैज्ञानिक लेखक’ टाळा : तो वैज्ञानिक असलेला लेखक की वैज्ञानिक पद्धतीने लिहिणारा, कळत नाही. आणि ‘खगोलशास्त्रज्ञ’ चूक नसला तरी ढोबळ आहे, त्यांचा विषय विश्वरचनाशास्त्र आणि खगोलभौतिकी.

समासरेषा :
सुरुवातीचे ‘पद्मविभूषण डॉ.’ ठेवायचे की नाही? ते विशेषण नाही, वस्तुस्थिती आहे असा युक्तिवाद होतो.

पुरवणी :
पुरस्कार मिळाला ही वस्तुस्थिती, तो नावाला जोडणे ही नव्हे. पद्म पुरस्कार नावाच्या आधी किंवा नंतर पदवीसारखे लावू नयेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले आहे. पुरस्कारांच्या परिच्छेदात वर्षासह द्या : पद्मभूषण १९६५, कलिंग पुरस्कार १९९६, पद्मविभूषण २००४, आत्मचरित्रासाठी साहित्य अकादमी २०१४. ‘डॉ.’ची गरज शिक्षणाच्या ओळीत पीएच.डी. लिहिले की संपते.

‘रँग्लर’चेही तसेच. तो पुरस्कार नाही. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात. म्हणजे त्याची जागा शिक्षणात. इथे एक गफलत वारंवार होते : वडील विष्णु वासुदेव नारळीकर हेही रँग्लर आणि बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. जुन्या मजकुरात ‘प्रा. नारळीकर’ दिसले की ते कोणते हे वर्ष पाहून ठरवा. पत्नी मंगला नारळीकर याही गणितज्ञ आणि लेखिका होत्या, त्यामुळे कुटुंबाच्या परिच्छेदात नुसते आडनाव लिहिणे टाळावे.

उकार :
मराठीतच होणारा आणखी एक पक्षपात सांगतो, कारण याच्याकडे फार कमी लक्ष जाते. आदरार्थी बहुवचन. ‘नारळीकर यांनी चाचणी घेतली, एका ज्योतिषाने आक्षेप घेतला, तो म्हणाला’ अशी वाक्ये सर्रास सापडतात. एकाला ‘ते’ आणि दुसऱ्याला ‘तो’ केले की मजकुरात एकही विशेषण नसताना कोण मोठा, कोण क्षुल्लक हे ठरून जाते. नावाने उल्लेख होणाऱ्या सगळ्या जाणत्या माणसांना ‘यांनी’, ‘त्यांनी’ द्या. टीकाकारालाही. लेख पूर्ण झाल्यावर फक्त सर्वनामांसाठी एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. ‘तथाकथित’, ‘स्वयंघोषित’, ‘म्हणे’, ‘चक्क’ आणि अवतरणचिन्हांत टाकलेला एखादाच शब्द, हेही त्याच वाचनात सापडतात.

खगोलवाचक :
कामाचा क्रम असा ठेवला तर भांडणे कमी होतात. मोठा बदल आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, लिहा. मग लेखात एका वेळी एकच परिच्छेद बदला आणि सारांशाच्या चौकटीत कारण लिहा : ‘जनक काढले, आधीचे लेखक आहेत, संदर्भ जोडला’. ‘सुधारणा’ एवढाच सारांश निरुपयोगी. वीस बदल एकाच जतनात केले तर एका वादग्रस्त शब्दासाठी कुणीतरी सगळेच उलटवतो आणि चांगले एकोणीस बदलही जातात. तुमचा बदल उलटवला गेला तर परत तोच टाकू नका, चर्चापानावर जुने वाक्य, नवे वाक्य आणि संदर्भ खालोखाल ठेवा.

संदर्भ नसलेल्या निरुपद्रवी विधानाला ‘संदर्भ हवा’ साचा (तयार खूण) लावून थांबता येते. कुणाच्या चारित्र्याला धक्का लावणारे, जिवंत किंवा नुकत्याच गेलेल्या व्यक्तीबद्दलचे बिनसंदर्भ विधान मात्र साचा लावून ठेवायचे नसते. ते लगेच काढायचे. आत्मचरित्र जन्मस्थळ, शाळा, प्रवास यांसाठी चालते. स्वतःच्या कामाचे मोल त्यातून घेऊ नये. लेखकाचे नातेवाईक, प्रकाशक, सहकारी यांनी लेख थेट बदलण्याऐवजी चर्चापानावर आपले नाते सांगून विनंती करावी.

समासरेषा :
शेवटची शंका. २० मे २०२५ ला पुण्यात नारळीकर गेल्यानंतर अशा नोंदींत ‘स्वर्गवास’, ‘देवाज्ञा’, ‘अनंतात विलीन’ असे शब्द येतात.

टीपकागद :
‘निधन झाले’ पुरेसे आहे. पहिल्या दोन शब्दांत श्रद्धेची गृहीतके आहेत, तिसरा श्रद्धांजलीचा. लेखाच्या माहितीचौकटीत ‘मृत्यू’ लिहावे, कारण तिथे ‘जन्म’ची जोडी आहे. क्रियापदांचा काळ एकसारखा बदला, पण सरसकट नाही : ‘ते संचालक होते’, आणि ‘त्यांच्या कथांची अनेक भाषांत भाषांतरे झाली आहेत’. पुस्तके अजून आहेत, त्यांना भूतकाळ नको. आयुकाच्या (पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या) ओळीत ‘होते’ पुरत नाही, वर्षेही हवीत : १९८८ ते २००३, संस्थापक-संचालक.