लर्निंग सपोर्टमधल्यांनी असोसिएट फेलोशिप घ्यावी की थेट फेलोशिप? (अॅडव्हान्स एचई)

काठावरची

ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात लर्निंग डेव्हलपर म्हणून काम करते. विद्यार्थ्यांना एकेकट्याने भेटून निबंधाची मांडणी, संदर्भ देण्याची पद्धत, मिळालेला अभिप्राय कसा वाचायचा हे समजावणं, पहिल्या वर्षाच्या वर्गांत विषयशिक्षकांबरोबर कार्यशाळा घेणं, मसुद्यांवर लेखी अभिप्राय देणं, असं कामाचं स्वरूप. स्वतःचं मॉड्यूल नाही, अंतिम गुण देण्याचा अधिकार नाही.

अॅडव्हान्स एचई (उच्च शिक्षणातल्या अध्यापनाशी संबंधित ब्रिटिश संस्था) देते त्या फेलोशिपसाठी, म्हणजे शिकवण्याच्या कामाच्या व्यावसायिक मान्यतेसाठी, अर्ज करायचा आहे. विभागात म्हणतात, 'सपोर्ट'वाल्यांसाठी असोसिएट फेलो (फेलोच्या खालची) हीच श्रेणी. हे खरं आहे का? फेलोसाठी पाचही कार्यक्षेत्रं दाखवावी लागतात, मग मूल्यमापनाचं काय करायचं? आणि एका सहकाऱ्याने २०१९ मध्ये मंजूर झालेला अर्ज नमुना म्हणून दिलाय. तो समोर ठेवून लिहिलं तर चालेल का?

त्रिज्या

असा नियम कुठेही नाही. अॅडव्हान्स एचईच्या मानकांच्या चौकटीत जागोजागी 'शिकवणे आणि/किंवा शिकण्यास साहाय्य करणे' अशीच शब्दयोजना आहे, ती तुमच्यासारख्यांसाठीच. ग्रंथपाल, तंत्रज्ञ, लर्निंग टेक्नॉलॉजिस्ट यांनाही फेलो होता येतं. पदनामावरून श्रेणी सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

सध्या लागू आहे ती या चौकटीची, म्हणजे प्रोफेशनल स्टँडर्ड्स फ्रेमवर्कची, २०२३ ची आवृत्ती. तिचे तीन भाग: व्यावसायिक मूल्यं (व्ही१ ते व्ही५), गाभ्याचं ज्ञान (के१ ते के५) आणि कार्यक्षेत्रं (ए१ ते ए५). असोसिएट फेलोला, म्हणजे डिस्क्रिप्टर (श्रेणीचे निकष) १ ला, पाचपैकी किमान दोन कार्यक्षेत्रं, मूल्यांत किमान व्ही१ (विद्यार्थ्यांचा आणि त्यांच्यातल्या वैविध्याचा आदर) आणि व्ही३ (पुराव्यावर आधारलेलं काम), ज्ञानात किमान के१ (विद्यार्थी कसे शिकतात), के२ (शिकवण्याच्या पद्धती) आणि के३ (चिकित्सक मूल्यांकन) दाखवावं लागतं. फेलोला, म्हणजे डिस्क्रिप्टर २ ला, पंधराच्या पंधरा. मधली पायरी नाही. चौदा भक्कम आणि एक गायब असेल, तरी फेलोशिप मिळत नाही.

तुमच्या कामातून ए१ (आखणी) कार्यशाळांमधून निघेल, ए२ (शिकवणं) त्यातूनच, ए४ (विद्यार्थ्यांना आधार व मार्गदर्शन) एकेकट्या भेटींमधून. ए५ (स्वतःचा व्यावसायिक विकास) प्रत्येकाकडे असतो, फक्त लिहिताना बहुतेकजण त्याची हजेरीपत्रकासारखी यादी करतात. प्रश्न उरतो ए३ चा.

ए३ म्हणजे 'शिकण्यासाठी मूल्यमापन आणि अभिप्राय'. अंतिम गुण देणं ही त्याची अट नाही, फॉर्मेटिव्ह (गुणांसाठी नव्हे, शिकता शिकता सुधारण्यासाठीचं) काम धरलं जातं. तुम्ही मसुद्यांवर लेखी अभिप्राय देता, म्हणजे कच्चा माल आहे. मात्र बरेच अर्ज इथेच घसरतात: 'मी विद्यार्थ्यांना गुणांकनाचे निकष समजावून सांगते' एवढंच लिहितात. हे शिकवणं झालं, मूल्यमापन नव्हे. ए३ उभं राहायला तुम्ही विद्यार्थ्याच्या कामाबद्दल काही निर्णय केला हे दिसलं पाहिजे. कोणत्या निकषावर मसुदा पाहिला, कशावर बोट ठेवलं, कशावर मुद्दाम ठेवलं नाही, आणि विद्यार्थ्याने पुढच्या मसुद्यात त्याचं काय केलं. कार्यशाळेच्या सुरुवातीला छोटी निदान-चाचणी घेऊन तिच्या उत्तरांवरून उरलेला तास बदलत असाल, तर तेही चालेल.

अॅडव्हान्स एचईच्या संकेतस्थळावर श्रेणी निवडायला मदत करणारं एक साधन आहे. आधी ते भरा. नंतर कागदावर पंधरा ओळी आखून प्रत्येकीसमोर एक प्रत्यक्ष उदाहरण लिहा. डिस्क्रिप्टर १ आणि २ साठी उदाहरणं गेल्या तीन वर्षांतली हवीत, त्यामुळे जुनी चांगली उदाहरणं इथेच गळतील. ओळ रिकामी राहिली तर असोसिएट, नाहीतर थेट फेलो.

समासातली टीप

त्रिज्या यांच्याशी सहमत. मी नमुन्याबद्दल बोलतो, कारण धोका तिथे जास्त आहे.

२०१९ चा अर्ज २०११ च्या चौकटीवर बेतलेला असणार. त्यात मूल्यं चार होती आणि ज्ञानाचे घटक सहा. २०२३ मध्ये मूल्यं पाच झाली (सहकार्य हे व्ही५ नवं आलं), ज्ञानाचे घटक पाचावर आले, आणि क्रमांकही फिरले. जुना के३ म्हणजे 'विद्यार्थी कसे शिकतात', तो आता के१ आहे. आताचा के३ म्हणजे चिकित्सक मूल्यांकन, ते पूर्वी साधारण के५ मध्ये यायचं. गुणवत्तेची हमी पूर्वी के६ होती, आता के५. म्हणजे नमुन्यातले कंस (वाक्यामागे कंसात दिलेले हे क्रमांक) जसेच्या तसे उचलले तर परिच्छेद एक बोलतो आणि कंस दुसरंच. परीक्षकाला हे पहिल्या पानावर कळतं. शिवाय 'परिणामकारक आणि समावेशक' ही जोडी आता डिस्क्रिप्टरमध्येच आहे, त्यामुळे समावेशकतेचा वेगळा एक परिच्छेद शेवटी चिकटवून भागत नाही, प्रत्येक कार्यक्षेत्रात ती दिसावी लागते. नमुना सूर कळण्यापुरता वाचा आणि मिटून ठेवा.

आता लिहिण्याबद्दल. फेलोचा मजकूर साधारण ३००० शब्दांचा असतो (विद्यापीठाच्या स्वतःच्या योजनेत मर्यादा वेगळी असू शकते, ती तिथल्याच कागदांत पाहा). पाच क्षेत्रांत वाटले तर प्रत्येकाला सहाशेच्या आसपास शब्द येतात. एवढ्यात एक किंवा फार तर दोन उदाहरणं नीट मावतात. चार कोंबली की वर्णन उरतं, कारणं जातात.

फरक कसा दिसतो ते सांगतो. अर्ज इंग्रजीत असतो, इथे भावार्थ देतो. (व्ही२ म्हणजे सहभाग आणि सर्वांना समान संधी, के४ म्हणजे तंत्रज्ञान व साधनांचा वापर.) कमकुवत: 'पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी संदर्भलेखनावर कार्यशाळा आयोजित करण्यात आली. गटचर्चा आणि ऑनलाइन चाचणी वापरण्यात आली. प्रतिसाद उत्तम होता (ए१, ए२, के२, के४, व्ही१, व्ही२).'

तोच प्रसंग, उपयोगी: 'आधीच्या मसुद्यांत संदर्भांचं स्वरूप बरोबर होतं, पण उद्धृताचा युक्तिवादाशी संबंध नव्हता. म्हणून मी नियमांची स्लाइड काढून टाकली आणि विषयशिक्षकाने दिलेल्या दोन परिच्छेदांची तुलना करायला लावली, कारण या विषयात नवख्यांना पुरावा आणि सजावट यांतला फरक उदाहरणातूनच उमगतो (के१, के२). साहित्य आधी पाठवलं, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना आणि इंग्रजी वाचायला वेळ लागणाऱ्यांना तयारी करता आली (व्ही१, व्ही२). पुढच्या मसुद्यांत उद्धृतानंतर स्वतःचं भाष्य दिसू लागलं, पण प्रतिवाद हाताळणं जमलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या सत्रात तो भाग घातला (के३).'

पाहा, कंस कमी आहेत आणि प्रत्येकाच्या आधीच्या वाक्यात त्याचा पुरावा आहे. एका वाक्यामागे सहा खुणा टाकल्या की परीक्षक एकही धरत नाही. दुसरं म्हणजे कर्ता. आपल्याला शाळेपासून 'करण्यात आले' लिहायची सवय, त्यात सपोर्टमधले लोक 'आम्ही'मागे लपतात. परीक्षकाला संघाचं काम तपासायचं नसतं. 'विषयशिक्षकाने प्रश्न निवडले, मी कृतीचा क्रम ठरवला' असं वाटप सांगा. व्ही५ त्यातच येतं आणि श्रेयाचा गोंधळही होत नाही.

व्ही३ बद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो. दर परिच्छेदाला तीन संशोधन-संदर्भ हवेत असं नाही. चौकटीत अभ्यास, संशोधन, व्यावसायिक शिक्षण किंवा इतर पुरावाधारित मार्ग, असे पर्याय 'किंवा' लावून दिले आहेत. एक लेख वाचून तुमचा निर्णय बदलला असेल, तर तो निर्णय सांगा. नावांची माळ नको.

काठावरची

दोघांचे आभार, पंधरा ओळी आखते. के३ मध्ये अडकणार असं दिसतंय. आमच्याकडे उपस्थितीचे आकडे आहेत, 'सत्र उपयुक्त वाटलं का' याची उत्तरं आहेत, आणि आमच्याकडे आलेल्या व न आलेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांची तुलना आहे. एवढं पुरेल ना? आणि के५, व्ही४ यांत माझ्यासारखीने काय लिहायचं? मी कुठल्याच गुणवत्ता समितीवर नाही.

मोजपट्टी

उपस्थिती म्हणजे लोक आले, एवढंच. समाधानाचे तक्ते त्यापेक्षा थोडे पुढे जातात, फार नाही. गुणांच्या तुलनेचा मात्र उलटा फटका बसू शकतो. आपणहून मदत घ्यायला येणारे विद्यार्थी मुळातच वेगळे असतात. काहींची तळमळ जास्त असते, काही आधीच नापास होऊन आलेले असतात. त्यामुळे 'आलेल्यांना जास्त गुण' यावरून तुमच्या भेटींचा परिणाम सिद्ध होत नाही, आणि तो झाला असं लिहिलंत तर चिकित्सक मूल्यांकन जमत नाही असंच दिसेल. तीच तुलना मर्यादेसह मांडा: आकडा काय दिसतो, त्यावर का विसंबता येत नाही, म्हणून दुसरं काय पाहिलं. मग ती के३ चं चांगलं उदाहरण होते.

दुसरं काय पाहायचं? त्याच विद्यार्थ्याचा भेटीआधीचा आणि नंतरचा मसुदा, एकाच निकषावर. थोडेच मसुदे असले तरी चालतील, फक्त 'थोडे' हे लपवू नका. विषयशिक्षकांना सबमिशनमध्ये कोणत्या चुका कमी झालेल्या आणि कोणत्या तशाच राहिलेल्या दिसल्या. सहकाऱ्याने सत्र पाहून लिहिलेली निरीक्षणं. भेटीला न येणारे कोण आहेत हा प्रश्नही विचारा. नोकरी करून शिकणारे येत नसतील आणि तुम्ही संध्याकाळची ऑनलाइन वेळ सुरू केली असेल, तर एकाच उदाहरणात के३ आणि व्ही२ दोन्ही येतात. विद्यार्थ्यांची नावं किंवा ओळख पटेल असे तपशील कुठेही नकोत.

के५ साठी, म्हणजे गुणवत्तेच्या हमीसाठी, समिती लागत नाही. तुमच्या कामातलं सगळ्यात जिवंत उदाहरण म्हणजे मसुद्यात किती हात घालायचा ही सीमा. विद्यापीठाचं शैक्षणिक प्रामाणिकपणाचं आणि प्रूफरीडिंगचं धोरण तुम्हाला वाक्य दुरुस्त करू देतं की फक्त चुकीचा प्रकार दाखवू देतं? त्या मर्यादेमुळे तुमची अभिप्राय देण्याची रीत कशी बदलली ते लिहा. बाह्य परीक्षकाच्या अहवालातला एखादा शेरा किंवा मॉड्यूलच्या वार्षिक आढाव्यातली तक्रार यांवरून कार्यशाळा बदलली असेल, तर तेही के५ च. 'क्यूएएच्या (उच्च शिक्षणाची गुणवत्ता पाहणारी ब्रिटिश संस्था) क्वालिटी कोडचं मी पालन करते' हे वाक्य मात्र कोणीही लिहू शकतं, म्हणून त्याला किंमत नाही.

व्ही४ म्हणजे उच्च शिक्षणाच्या भोवतालचं जग आणि त्याचा तुमच्या कामावर झालेला परिणाम. इंग्लंडमध्ये असाल तर तुमच्या विद्यापीठाचा अॅक्सेस अँड पार्टिसिपेशन प्लॅन (वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांना समान संधी देण्याचा आराखडा) काढून वाचा, त्यात तुमच्या विभागाचं काम बहुधा कुठेतरी असेलच. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये २०१० च्या समानता कायद्याखालचे वाजवी बदल, सार्वजनिक संस्थांच्या डिजिटल साहित्यासाठीचे २०१८ चे सुलभता नियम, लेखन करून देणारी एआय साधनं आल्यावर बदललेला मसुद्याचा अर्थ, यांतला एक विषय निवडा. कायद्याचं नाव घेऊन थांबू नका. त्यामुळे तुमच्या हँडआउटमध्ये, वेळापत्रकात किंवा प्रश्नांत काय बदललं, ते आलं पाहिजे.

दुसरी खेप

वरच्या चर्चेत मार्ग आणि रेफरी राहिले.

मार्ग तीन. एक, पीजीसर्टसारखा (अध्यापनावरचं पदव्युत्तर प्रमाणपत्र) मान्यताप्राप्त अभ्यासक्रम. दोन, विद्यापीठाची अॅडव्हान्स एचईने मान्यता दिलेली स्वतःची योजना. काही ठिकाणी तिथे लेखी अर्जाऐवजी तोंडी चर्चेचा पर्याय असतो. तीन, अॅडव्हान्स एचईकडे थेट अर्ज. थेट अर्जाला शुल्क आहे, आणि संस्था सदस्य नसेल तर ते जास्त पडतं. विद्यापीठाची योजना असेल तर आधी तिकडेच जा, कारण मेंटर मिळतो आणि मसुद्यावर कोणीतरी नजर टाकतं. पण तिथे पॅनेलच्या तारखा ठरलेल्या असतात आणि योजना सहसा कर्मचाऱ्यांपुरती असते. करार संपत आला असेल तर पॅनेलची तारीख आणि कराराची तारीख शेजारी ठेवून पाहा.

थेट अर्जाला दोन रेफरींची निवेदनं लागतात. त्यांना कोऱ्या हाताने लिहायला सांगू नका, नाहीतर 'अत्यंत मेहनती आणि मनमिळाऊ' छापाचं पत्र येतं. हे नोकरीचं शिफारसपत्र नाही, अर्जातल्या दाव्यांना दुजोरा आहे. अर्जाचा जवळपास पक्का मसुदा, डिस्क्रिप्टर, आणि 'तुम्ही पाहिलेल्या या सत्राबद्दल लिहा' अशी नेमकी विनंती पाठवा. एक रेफरी तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेला विषयशिक्षक असावा. लाइन मॅनेजरने सत्र कधीच पाहिलं नसेल तर त्याचा हुद्दा कामाचा नाही. रेफरी स्वतः फेलो असेल तर बरं, त्याला कोडची भाषा समजावावी लागत नाही.

त्रिज्या यांच्याशी एका बाबतीत थोडा मतभेद. 'ओळ रिकामी राहिली तर असोसिएट' हे ठीक, पण तुमची रिकामी ओळ फक्त ए३ असेल तर एक सेमिस्टर थांबणं जास्त फायद्याचं. विषयशिक्षकाशी बोलून एखाद्या गटाच्या फॉर्मेटिव्ह मसुद्यांचा अभिप्राय रीतसर आपल्याकडे घ्या, निकष लिहून काढा, दोघांनी मिळून काही मसुदे तपासून निवाडे जुळतात का पाहा. त्यातून ए३ भक्कम होतं. असोसिएटनंतर फेलो करायचं झालं तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागतो, असोसिएट आहे म्हणून काही भाग माफ होत नाही. कराराची घाई असेल किंवा काम खरंच दोन-तीन क्षेत्रांपुरतं असेल, तर असोसिएट निःसंकोच घ्या.

अर्ज परत आला तर अभिप्रायासह येतो. परीक्षकाने न सापडलेले घटक सांगितलेले असतात. तेवढेच भाग दुरुस्त करा, सापडलेल्यांना हात लावू नका. घाबरून सगळा मजकूर पुन्हा लिहिणाऱ्यांचे आधी मान्य झालेले मुद्देही दुसऱ्या वेळी निसटतात.

सीनियर फेलोची श्रेणी नोकरीच्या वर्षांवर मिळत नाही. इतरांच्या शिकवण्यावर दीर्घकाळ प्रभाव टाकल्याचा किंवा नेतृत्वाचा पुरावा लागतो. विषयशिक्षकांना तुम्ही अभिप्राय लिहायला शिकवू लागलात की तिकडची सामग्री आपसूक जमते, तेव्हा ती तारीख-वार जपून ठेवा. डिजिटल बाजू जास्त असेल तर असोसिएशन फॉर लर्निंग टेक्नॉलॉजीचं सीमॉल्ट (शिक्षण-तंत्रज्ञानातली व्यावसायिक मान्यता) हाही वेगळा पर्याय आहे. तिथे निबंधाऐवजी वर्णन, चिंतन आणि पुरावे जोडलेला पोर्टफोलिओ असतो, आणि ते ठरावीक काळाने नूतनीकरण करावं लागतं. फेलोशिपला नूतनीकरण नाही.