मदत हवी आहे: तळहात-तळपायांचा सोरायसिस, मेथोट्रेक्सेट आणि मळमळ

आईला (वय ५६, वजन ५८ किलो, पाळी थांबलेली) तळहात-तळपायांवर सोरायसिस आहे. टाचांच्या भेगांतून रक्त येतं, भांडं धरवत नाही. खरवड तपासून बुरशी नाही हे पक्कं झालंय. क्लोबेटासॉल (तीव्र स्टेरॉइड) आणि सॅलिसिलिक अॅसिडचं मलम तीन महिने लावलं; थांबवलं की आठवड्यात पुन्हा जैसे थे.

आता मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) १५ मि.ग्रॅ., आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री. फॉलिक अॅसिड ५ मि.ग्रॅ. मंगळवारी. (मेथोट्रेक्सेटची गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डब्यावर वार लिहून ठेवलाय.) दहा आठवडे झाले. खपल्या पातळ झाल्यात, भेगा अजून आहेत. पूर्ण परिणामाला १२ ते १६ आठवडे लागतात, म्हणून घाई नाही.

अडचण मळमळीची. सोमवारी दिवसभर अन्न जात नाही. गोळी जेवणानंतर घेऊन पाहिली, फरक नाही. रक्तपेशी आणि क्रिएटिनिन ठीक, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) ३२ वरून ५१. मधुमेह नाही, दारू नाही, वेदनाशामक किंवा सल्फाची गोळी चालू नाही. सुरुवातीची क्षयाची आणि हिपॅटायटिसची तपासणी निगेटिव्ह होती.

डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. तोवर डोस आम्ही बदलणार नाही. सायक्लोस्पोरिन (सोरायसिसचं दुसरं औषध) नको, कारण त्याने रक्तदाब वाढतो आणि आईचा आधीच वाढलेला असतो.

त्वचारोगतज्ज्ञांना आणि हे औषध घेतलेल्यांना विचारायचंय: मळमळीसाठी डोस बारा-बारा तासांनी तीन भागांत घेणं जास्त उपयोगी पडतं, की त्वचेखालचं इंजेक्शन? आणि तळपायांच्या भेगांवर अॅप्रेमिलास्टचा (सोरायसिसवरची आणखी एक गोळी) गुण किती आठवड्यांत दिसला?