गेम पॉज होत नाही, बोका थांबत नाही : तुमचे अनुभव

लेव्हल_नव्याण्णव
काल कॉम्प्युटरचा जुना कॅबिनेट विकायला काढला. २०१२ ला दादा नि मी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी जोडलेला. झाकण काढलं तर पुढच्या पंख्याच्या जाळीवर केसांची घोंगडीच बसलेली (हो, इतक्या वर्षांत जाळी साफ केली नाही, घाला शिव्या). वरचे केस फिकट, पांढुरके. ब्रशने ते उचलले तर खाली झगझगीत केशरी. दोन्ही आमच्या बोक्याचे, बंड्याचेच. खालचे तरुणपणीचे, वरचे हल्लीचे. विकायचं राहिलं बाजूला, तासभर फरशीवर बसून होते.

बंड्या यंदा सोळाचा झाला. २००९ च्या पावसाळ्यात जिन्याखाली सापडला होता. कॅबिनेट आला त्या दिवसापासून त्याच्या डोक्यावर मुक्काम, गरम हवा खात, शेपूट मॉनिटरवर सोडून. काउंटर स्ट्राइक मी कित्येक वर्षं त्या शेपटीच्या डाव्या बाजूने खेळलेय. आता उडी जमत नाही. किडन्या थकल्यात, पाण्याची वाटी दिवसातून चारदा भरावी लागते. कानही गेले. स्वतःचा आवाज स्वतःलाच येत नाही, त्यामुळे रात्री दोनला जी हाळी देतो ती बी विंगला पोचते.

परवा एल्डन रिंग खेळत होते. माहीत नसलेल्यांसाठी : या गेमला पॉज नाही. मलेनिया या महाकठीण शत्रूचा दुसरा टप्पा, तिच्या जिवाची लाल पट्टी बोटभर उरलेली, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. आणि स्वयंपाकघरातून हाळी. टाकला कंट्रोलर. जाऊन बघते तर वाटीत खाणं तसंच. त्याला फक्त तो खाईपर्यंत कुणीतरी शेजारी उभं हवं होतं. राहिले उभी. चार घास खाल्ले, माझ्या पावलावर कपाळ घासलं, गेला झोपायला. मलेनियाने इकडे माझा केव्हाच निकाल लावलेला.

तुमच्याकडे काय चालतं? गेम, म्हातारी मांजरं, दोन्ही मिळून काहीही. लिहा.

सुकट_भाकरी
शेपटीच्या डाव्या बाजूने, हाहाहा
आमची चिंगी तेराची. लॉकडाऊनमध्ये पबजीचा स्क्वॉड होता आमचा, मी सांगलीत, एक नाशिकला, दोघं पुण्यात. चिंगी पाचवी. एकदा माइक चुकून 'ऑल'वर राहिला, आम्ही चौघं झोपडीत लपलेलो, चिंगीला भूक लागली. बाहेरच्यांनी म्याव ऐकलं आणि खिडकीतून ग्रेनेड. चौघं एका म्यावमध्ये साफ. २ सप्टेंबर २०२० ला गेमवर बंदी आली तसा स्क्वॉड पण फुटला. पुढच्या जुलैत बीजीएमआय (पबजीचाच भारतातला अवतार) आलं तोवर एकाचं लग्न झालेलं, त्याला आता रात्री माइक चालू करायला परवानगी नाही. पण फोन आला की पहिला प्रश्न, चिंगी काय म्हणते

रीस्पॉन_पॉइंट
मलेनिया बोटभर?? आणि तू उठलीस??? नमस्कार स्वीकारा

पिंट्याची_आई
मी गेमर वगैरे नाही, भाजी फोडणीला टाकून लिहितेय, चुका माफ. मुलगा रात्रभर खेळायचा, मनी त्याच्या मांडीवर. मी ओरडून ओरडून थकले. आता तो नोकरीला बंगळूरला. मनी चौदा वर्षांची. रोज रात्री अकराला त्याच्या त्या चाकाच्या खुर्चीपाशी जाऊन बसते आणि वर बघते. आठवडाभर बघितलं, मग मीच जाऊन बसायला लागले. नुसतं काय बसायचं म्हणून मोबाइलवर लुडो. मनी मांडीवर कणीक तिंबल्यासारखं करते, मग घुर्रघुर्र. परवा साडेबाराला मुलाचा फोन, "आई, तू ऑनलाइन कशी अजून?" त्याला म्हटलं, गेम संपू दे मग बोलते.

सुकट_भाकरी
पिंट्याची_आई, शेवटच्या वाक्याला साष्टांग. वीस वर्षांचा सूड.

अर्धा_कप
लेव्हल, मी डॉक्टर नाही, पण दोन म्हाताऱ्या मांजरींचं केलंय म्हणून सांगते. रात्रीचं ओरडणं बहिरेपणाने असेलही, तरी थायरॉइड आणि बीपी दोन्ही तपासून घे. थायरॉइड वाढलं की मांजर खातं भरपूर आणि वाळत जातं, रात्री ओरडत फिरतं. किडनीवाल्यांचं बीपी चढतं, फार चढलं तर एका रात्रीत डोळे जातात. आमच्या पहिलीचे गेले. भिंतीला धडकली तेव्हा कळलं.

दुसरीला, टिकलीला, दिवसाआड सलाइन लावते घरीच, डॉक्टरांनी शिकवलंय. बाटली पडद्याच्या दांडीला टांगायची, दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची, सुई आत. १०० मिली जायला दहा मिनिटं. पाठीवर टेंगूळ येतं, मग हळूहळू ओघळून पुढच्या पायाशी उतरतं, उंटासारखी दिसते बिचारी. तेवढा वेळ ती मांडीवर आणि मी स्टारड्यू व्हॅली. त्यातला एक दिवस आपल्या चौदा मिनिटांचा, म्हणजे एका सलाइनमध्ये शेताला पाणी घालून, गावात चक्कर मारून संध्याकाळ होते. तिथेही मांजर पाळलंय. रोज त्याची पाण्याची वाटी भरते. ते मात्र म्हातारं होत नाही.

लेव्हल_नव्याण्णव
बीपीचं माहीतच नव्हतं गं. शनिवारी नेते. वाळलाय खरा, मला वाटलं वयामुळे.

सातवा_मजला
कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड कुठलं आहे? किती घेणार?

लेव्हल_नव्याण्णव
जीटीएक्स ५६०. संग्रहालयवाल्यांनाच विचारणार होते.

सातवा_मजला
८०० देतो. पोराला आत काय असतं ते दाखवायचंय.

म्हापसेकर
आमच्याकडे बायू. वय कुणालाच ठाऊक नाही, वहिनी लग्न होऊन आली तेव्हा होती आणि वहिनीचा मुलगा आता दहावीला. फिफा सुरू झाला की पडद्यावरच्या चेंडूवर पंजा मारायची. आता नुसती मान इकडून तिकडे फिरवते, टेनिस बघणाऱ्या आजोबांसारखी. गोल झाला की मात्र उठून जाते. गोल बहुतेक माझ्यावरच झालेला असतो.
एक विचारायचं होतं, किडनीवाल्या मांजराला सुकी मासळी चालते का? आईच्या हातून सुंगटं (सुकी कोळंबी) सुटत नाहीत.

अर्धा_कप
सुकी अजिबात नको. मीठ असतं आणि फॉस्फरस पण, किडनीला दोन्ही जड. ताजी मासळीसुद्धा डॉक्टरांना विचारून, बेताने.

सुकट_भाकरी
माझ्या आयडीवर हा सरळ हल्ला आहे

म्हापसेकर
आईला वाचून दाखवलं. म्हणाली, डॉक्टरला म्हणावं तू खा ते किडनीचं खाणं.

न्यूजर्सीचा_नागपूरकर
मांजर आईबाबांकडे नागपूरला, मी इकडे. दर रविवारी भावाशी एज ऑफ एम्पायर्स २, इकडे सकाळचे साडेदहा, तिकडे रात्रीचे आठ. गेल्या महिन्यात भाऊ ऐन लढाईत गायब. वाटलं लाइट गेली. निघाला बोका. राउटर गरम असतो म्हणून त्यावर झोपतो, कूस बदलताना वायर निघाली. भावाला म्हटलं हाकल ना त्याला. भाऊ म्हणे बाबांनी बोक्यासाठी राउटरवर टॉवेल घातलाय, मी कोण हाकलणारा.
जरा अवांतर, आपल्या लहानपणी डब्बा टीव्ही होता, त्यावर कॉन्ट्रा खेळताना मांजर वर ऐसपैस बसायचं, खाली ऊब. एलईडी आले आणि मांजरांची जागाच गेली. कुणी बोललं नाही यावर.

रीस्पॉन_पॉइंट
हा मुद्दा संसदेत जायला हवा
त्या कॅसेटमध्ये फुंकर पण मारायचो ना आपण. ९९९९ इन १ आणि आत गेम सात

न्यूजर्सीचा_नागपूरकर
सात कुठले, पाच. बाकी मारिओच, टोपीचा रंग बदलून.

ओसरी
२०२२ मध्ये स्ट्रे घेतला. त्यात आपणच मांजर, गोल बटण दाबलं की म्याव. आमची सोनी बारा वर्षांची, कुठल्याही गेमकडे ढुंकून बघितलेलं नाही. पहिल्या म्यावला कान टवकारले. दुसऱ्याला उठली. मला गंमत वाटली, मी दाबत सुटलो. ती टीव्हीच्या मागे गेली, वायरींतून वाकून बघितलं, परत पुढे, परत मागे. गेम बंद केला तरी रात्री जेवायला आली नाही, टीव्हीच्या मागेच बसलेली. तिची बहीण तीन वर्षांपूर्वी गेली होती. लाज वाटली स्वतःची. त्यानंतर तो गेम हेडफोन लावूनच संपवला.

पिंट्याची_आई
अरेरे. बाई गं.

कोपऱ्यातली_खुर्ची
आमचा गुंड्या मार्चमध्ये गेला. खेळण्याच्या क्लिप साठवायची सवय आहे मला. परवा एक जुनी लावली, चौघांना एकट्याने मारल्याची. मागे त्याच्या गळ्यातलं घुंगरू वाजतंय. दाराकडून माझ्याकडे येतं, मग थांबतं, म्हणजे मांडीवर बसला असणार. तेवढंच ऐकतो मी आता, स्क्रीनकडे बघत नाही.

सुकट_भाकरी
भावा.

लेव्हल_नव्याण्णव
त्या क्लिपची कॉपी दोन-तीन ठिकाणी ठेव. हार्ड डिस्कचा काही भरवसा नसतो.

कोपऱ्यातली_खुर्ची
ठेवलीय. ताईकडे पण एक.

रीस्पॉन_पॉइंट
गोळी कशी देता रे कुणी? आमचा बोका गोळी गालात धरतो आणि अर्ध्या तासाने माझ्या कीबोर्डवर आणून टाकतो. नेमकी डब्ल्यूवर. गेममध्ये पुढे चालता येत नाही.

अर्धा_कप
जिभेच्या पार मागे ठेव, तोंड मिटून धर, नाकावर हलकी फुंकर मार. गिळतो. वर सिरिंजने थोडं पाणी, नाहीतर गोळी घशात अडकते. आणि माणसाची कुठलीही गोळी मनाने देऊ नका, पॅरासिटामॉल तर मांजराला विषच.

रीस्पॉन_पॉइंट
म्हणजे कॅसेटसारखीच फुंकर. जमेल.

सातवा_मजला
मी मांजरवाला नाही पण एक सांगतो. शेजारच्या काकूंची म्हातारी मांजर परळला बैलघोड्यात (जनावरांच्या हॉस्पिटलात) न्यायची होती, टॅक्सीत टोपली घेऊन मी. टॅक्सीवाले काका आरशातून म्हणाले, "मांजर आडवं गेलेलं पुष्कळ बघितलं, शेजारी बसून चाललेलं आजच."
लेव्हल, कॅबिनेटचं काय ठरलं? शनिवारी येऊ का?

लेव्हल_नव्याण्णव
शनिवारीच बंड्याला नेऊन आणलं. बीपी चढलेलंच होतं, रोज पाव गोळी लिहून दिलीय. डोळे ठीक आहेत अजून. अर्धा_कप, कसे आभार मानू. फुंकरीने गोळी गेली, दुसऱ्या खेपेला.

सातवा_मजला, कॅबिनेटची अडचण झालीय. आतलं सगळं काढून तो हॉलमध्ये आडवा ठेवला होता, झाकण नसलेला. काल रात्री दोनला हाळी नाही म्हणून मीच घाबरून उठले. साहेब आत झोपलेले. उडी मारावी लागत नाही ना. आईने सकाळी जुनी सतरंजी पण घातली आत.

सातवा_मजला
मग कार्ड तरी द्या. ३००.