कुलूप लावून खाली या म्हणे!

ठोकपीट
परवा इथे एकाने लिहिलं: वसईकडचं एक मिशनरी जोडपं हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात मिशनच्या वसतिगृहात हिवाळाभर राहिलं. मुलं सुट्टीला घरी, वर्ग बंद, आणि हे दोघं बर्फ ओढत नि नळ सांभाळत बसले. ‘रिकाम्या इमारतीची राखण ही कसली सेवा? नळ रिकामे करा, कुलूप लावा, खाली या.’ त्यावर टाळ्याही पडल्या.

मेन कॉक बंद केला की नळ रिकामे होतात? सगळ्यात खालचा ड्रेन कॉक उघडायचा आणि सगळ्यात वरचा नळही, नाहीतर हवा आत शिरत नाही आणि पाणी पाइपात लटकून राहतं. मग फ्लशची टाकी. कमोडच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वाकड्या नळीत साचलेलं पाणी स्पंजने टिपायचं. गीझर तर हमखास विसरतात: इनलेटला नॉनरिटर्न व्हॉल्व्ह असतो, पाणी उलटं येऊ न देणारा, तो खोलल्याशिवाय टाकी रिकामी होत नाही. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, पाइपाचा एल्बो (कोपऱ्याचा जोड) फाटतो, आणि पत्ता लागतो एप्रिलमध्ये, भिंत ओली झाल्यावर.

बरं, हे सगळं चोख केलंत. छपराला कुठला कॉक आहे?

उंटावरचा शहाणा
ते मीच लिहिलंय, आणि मागे घेत नाही. २०२० पासून रोहतांग खिंडीखालून अटल बोगदा आहे. मोठा बर्फ पडला की मनालीहून दोन मजूर पाठवा, छप्पर झाडून संध्याकाळी परत. देणगीच्या पैशात दोघांचा शिधा, सरपण, डिझेल कशाला जाळायचं?

ठोकपीट
बोगदा सिस्सू गावाच्या आसपास संपतो, लाहौलचं मुख्य गाव केलांग, तिथे नाही. पुढच्या रस्त्यावर हिमकडे कोसळतात. ज्या दिवशी छप्पर झाडायचं त्याच दिवशी तो बंद.

आणि झाडायला मुहूर्त असतो. छप्पर मातीचं: खाली तुळया, वर काटक्या, भोजपत्र, मग चोपलेली माती. बर्फ थांबला की ऊन चढायच्या आत ओढायचा. ऊन लागलं की तळचा थर वितळून मातीत मुरतो, रात्री गोठतो, माती फुटते. फावडं लाकडी, लोखंडी मातीच खरवडून काढतं. तरी दोन बोटं बर्फ राहू द्यायचा. एका अंगाने सगळा ओढायचा नाही, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा, म्हणजे तुळयांवर भार सारखा राहतो. पाय तुळईच्या रेघेवर. ढीग भिंतीला लागून लावलात तर कच्च्या विटांची भिंत खालून भिजते.

फूटभर बसलेल्या बर्फाचं वजन चौरस मीटरला ६० ते ९० किलो. हजार चौरस फुटांवर साडेपाच ते आठ टन. एकजण वर, दुसरा खाली नजर ठेवून, म्हणजे कोणी वळचणीखाली जाणार नाही. म्हणून जोडपं.

कोबावाला
मुळात सपाट छप्परच चूक. उताराचे पत्रे घाला, विषय संपला.

ठोकपीट
पत्र्यावरून बर्फ झरत नाही, अखंड लादी सुटते, तीही बहुधा दाराच्याच तोंडावर. वर वितळलेलं पाणी वळचणीला पुन्हा गोठून बांध घालतं आणि पत्र्यांच्या जोडातून उलटं आत येतं. आणि सपाट छप्पर नसेल तर चारा कुठे वाळवणार?

कोबावाला
चौरस मीटरला ९० किलोचं कौतुक मुंबईकरांना नका सांगू! आपल्या गच्चीला आयएस ८७५ या बांधकामाच्या मानकाप्रमाणे वावराचा (माणसांच्या वापराचा) भार १५० किलो. चार इंच ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती रोखायला गच्चीवर घातलेला विटांचे तुकडे नि सिमेंटचा थर, सुमारे २०० किलो. जुना न फोडता त्यावर नवा ओतला की बाराही महिने दोन फुटांहून जास्त बर्फ डोक्यावर. कंत्राटदाराला डेब्रिस उतरवायचं जिवावर येतं, कमिटीला स्वस्तातलं कोटेशन हवं.

माहीमची मावशी
अगदी! वर पॅरापेटला (कठड्याला) वाटा, म्हणजे स्लॅब नि कठड्याच्या कोनात सिमेंटची गोलाई, घालत नाहीत, तिथूनच गळतं. आणि पाणी भरून दोन दिवस ठेवायची टेस्ट? दोन तासांत काढून टाकतात.

कोबावाला
मावशी, शंभराला एक उतार दिला असेल तर वाटा दुय्यम.

माहीमची मावशी
दुय्यम? स्लॅब नि पॅरापेट वेगवेगळे तापतात, भेग तिथेच पडते. उतार काय चाटायचाय? तुमच्यासारख्यांमुळेच मुंबईभर गच्च्यांवर निळी प्लास्टिकं दिसतात.

कोबावाला
वैयक्तिक होऊ नका.

रोखठोक
छप्पर-बिप्पर बहाणा आहे. मिशनरी तिथे कशाला जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ठोकपीट
केलांगला मोरेव्हियन या प्रोटेस्टंट मिशनचे हायडे पतीपत्नी १८५९ ते १८९८ होते, तेव्हा बोगदा सोडा, रोहतांगवर मोटररस्ताही नव्हता. धर्मांतरं झाली जेमतेम. मारिया हायडेंनी बायकांना विणकाम शिकवलं, ते मात्र टिकलं. लाहौली मोजे बघा.

रोखठोक
मोज्यांपुरतं मान्य. हेतूबद्दल नाही.

उंटावरचा शहाणा
बरं बाबा, छप्पर तुमचं. जनरेटर आणि बुखारीचं (खोली तापवायच्या लाकडाच्या शेगडीचं) काय? रिकामी इमारत तापवायची कशाला?

ठोकपीट
सगळी नाहीच तापवायची. एक खोली नि पाण्याची एक लाइन, बाकी रिकामं. बुखारीच्या धुराड्याचा वरचा पाइप खालच्याच्या आत बसवायचा, म्हणजे धुराचं डांबर आतल्या आत उतरतं. उलटा बसवला तर जोडातून जमिनीवर ठिबकतं. ओलं लाकूड जाळलं की डांबर लवकर साचतं, धूर तुंबतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डिझेल हिवाळी ग्रेडचंच, साध्यात मेण धरून फिल्टर चोंदतो. जनरेटरची बॅटरी उतरू द्यायची नाही: पूर्ण चार्ज असेल तर उणे ५० ला गोठत नाही, उतरलेली उणे १० च्या आसपास फुटते. या कामांना मजूर पाठवणार?

उंटावरचा शहाणा
नाही पाठवत. पण मग त्यांना केअरटेकर म्हणा आणि पगार द्या. सेवा म्हणून फुकटात राबवू नका.

ठोकपीट
पगाराला माझी ना नाही.

कोबावाला
मावशी, वाटा किती इंचांचा म्हणता?

माहीमची मावशी
चार. आणि आधी जुना कोबा फोडा.